नंबर नसलेली कवळी

नव्या कुलपात किल्ली फिरेना. धाकट्या मालकांनी ती बाहेर काढली, तिच्यावर फुंकर मारली, पुन्हा घातली. मागे पायरीवर कवळीवाला दोन रिकामी पोती आणि एक प्लॅस्टिकची बादली घेऊन उभा होता. बावीस वर्षं राहिलेल्या घरासमोर आपण पाहुण्यासारखे ताटकळतोय, या विचाराने त्याची कानशिलं तापली होती.

"एक तास," पोलीसबाई घड्याळ बघत म्हणाल्या. "जे तुमचं ते उचला, यादी करा, सही करा. भांडायचं असेल तर कोर्टात. इथे नाही."

"भांडायचं नाहीये मला," कवळीवाला म्हणाला.

ते काही खरं नव्हतं. एकोणीस दिवस तो मनातल्या मनात भांडतच होता. बाहेरगावच्या एका डॉक्टरांकडे तयार कवळ्या पोचवायला म्हणून तो गेला, दोन दिवसांत परत आला, तर दाराला हे पितळी कुलूप. शेजारच्या इस्त्रीवाल्याने इस्त्री हातात धरूनच सांगितलं की थोरले मालक गेले, कालच, दवाखान्यात, आणि कुलूप त्यांच्या मुलाने, धाकट्यांनी, लावलंय. थोरल्यांसाठी रडावं की स्वतःसाठी, हे त्या दिवशी त्याला कळेना. कागद म्हणाल तर एक नव्हता. 'तू माझं तोंड सांभाळ, मी तुझं छप्पर सांभाळतो,' असं थोरले म्हणायचे, आणि दोघंही इमानाने ते सांभाळत आले होते. आता ज्याने शब्द दिला तोच उठून गेला म्हटल्यावर शब्दाला कोण विचारतो?

पोलिसांना दिलेल्या अर्जात त्याने लिहिलं होतं, 'कामाची हत्यारं व गिऱ्हाइकांचा माल'. खरं कारण लिहिलं नव्हतं, कारण तशी आक्काची सक्त ताकीद होती.

आक्का म्हणजे त्याची मोठी बहीण. मुलीकडे राहायची. तिच्या वरच्या कवळीला मधोमध चीर गेली म्हणून तिने वरची-खालची दोन्ही त्याच्याकडे दिली होती. त्याने चीर सांधली, घासून-पुसून काचेसारखी केली, आणि मोरीजवळच्या पांढऱ्या वाडग्यात पाण्यात घालून ठेवली. कवळी कोरडी पडली की वाकते, म्हणून पाण्यात. बाहेरगावाहून आलो की देतो म्हणाला. तेव्हापासून आक्का खोलीबाहेर पडली नव्हती. भिंतीकडे तोंड करून जेवायची. नातवंडं दारात आली की तोंडावर रुमाल धरून, "जा रे, खेळा जा," म्हणायची. आणि उद्या तिचा मुलगा येणार होता, अकरा वर्षांनी, तीन दिवसांसाठी.

"मला तेवढे दात आणून दे," तिने बजावलं होतं. "बाकी तुझं काय जायचं ते जाऊ दे. आणि कुणाला सांगत बसू नकोस, आक्का बोळकी झाली म्हणून."

नवीन करायची तर माप, मेणाचा नमुना, घालून बघणं, पुन्हा घासणं, आठ-दहा दिवस सहज गेले असते. आणि हत्यारं सगळी या दाराआड.

किल्ली एकदाची फिरली.

आत चुन्याचा आणि बंद हवेचा वास कोंडला होता. खिडकीखालचं त्याचं लांब टेबल रिकामं पडलं होतं. ज्या फळ्यांवर बावीस वर्षांचे प्लॅस्टरचे साचे ओळीने मांडलेले असायचे, त्या फळ्या पुसून काढलेल्या. साचे कोपऱ्यात पोत्यांत भरले होते, आणि कसे भरले असतील ते पोत्याखाली पसरलेला पांढरा भुगाच सांगत होता. त्याने एका पोत्यात हात घातला. हाताला अर्धा जबडा लागला. मग पाव.

"माणसं लावून आवरून घेतलं, काका," धाकटे मालक उंबऱ्यापाशीच उभे होते. चाळिशीचा माणूस, पण डोळ्यांखाली काळं आलेलं. "थोडंफार मोडलं असेल."

"थोडंफार नाही. मोडलंय."

"आता त्यांना काय कळतंय, माती आहे का काय आहे."

कवळीवाल्याच्या ओठांवर शिवी आली होती. पण तास चालू झाला होता. तो गुडघ्यांवर बसला.

कवळ्या घासायची मोटार मिळाली. चाकूंचा डबा मिळाला, मेणाच्या वड्या मिळाल्या, जबडा उघडझाप करून बघायचं यंत्र मिळालं, एक स्क्रू गेलेलं. तयार आणि अर्धवट कवळ्या सगळ्या रंगाच्या एका रिकाम्या डब्यात ओतलेल्या होत्या. पोलीसबाई यादी घेऊन वाकल्या आणि चटकन मागे सरल्या.

"अगं बाई!"

"चावत नाहीत त्या," तो म्हणाला.

"माहितीये हो. आमच्या सासूबाईंची अशीच ग्लासात असते. नवीन लग्न झालं तेव्हा एकदा घाईत तोच ग्लास तोंडाला लावला मी." त्या स्वतःच हसल्या, मग यादीकडे बघून गंभीर झाल्या. "बोला. कुणाकुणाचं आहे?"

"नंबर सांगतो. नावं सांगणार नाही. अहो, लोक बायकोपासून लपवतात."

प्रत्येक कवळीच्या आतल्या बाजूला, टाळूला लागते तिथे, त्याने सुईने बारीक नंबर कोरलेला असे. नंबर कुणाचा ते वहीत, आणि वही त्याच्या पिशवीत. दोनशे सात. एकशे अठ्ठ्याऐंशी. दोनशे अकरा, नुसती खालची. तो एकेक उचलून अंगठ्याने चाचपायचा, डोळ्यांनी बघायची गरजच नसे, आणि बादलीत टाकायचा. बाई लिहीत होत्या. डब्याचा तळ दिसायला लागला तसा त्याचा हात भरभर चालायला लागला.

आक्काच्या कवळीवर नंबर नव्हता. घरच्या माणसाला कसला नंबर? बायको होती तेव्हा तिच्यावर नव्हता, आक्कावर नव्हता, थोरल्या मालकांवर नव्हता. तशी त्याची पद्धतच होती. बिननंबरी म्हणजे घरची.

डबा संपला. बिननंबरी एकही नव्हती.

तो उठून मोरीकडे गेला. पांढरा वाडगा होता. ब्रशांवर पालथा घातलेला, आणि खडखडीत कोरडा. त्याने मोरीत बघितलं, मोरीच्या जाळीत बोटं घालून बघितलं. कपाट उघडलं. चादरी झटकल्या. उशीचा अभ्रा उलटा केला. साठी उलटलेला माणूस जमिनीला गाल लावून पलंगाखाली बघत होता, आणि पोलीसबाईंनी यादीवरून मान वर केली.

"काय राहिलं?"

"काही नाही. बघतोय."

कपाटाच्या वरच्या खणात, वर्तमानपत्रांच्या मागे, एक झाकणाचा डबा हाताला लागला तेव्हा त्याच्या जिवात जीव आला. झाकण उघडलं. आत ओल्या फडक्यात गुंडाळलेली जोडी होती, फडकं आता वाळून कडक झालेलं. नंबर नव्हता. पण हातात घेताक्षणी त्याला कळलं. जबडा रुंद होता, पुरुषाचा. पुढचे दात मुद्दाम किंचित पिवळट धरलेले. 'दुधासारखे पांढरे नकोत रे,' थोरले म्हणाले होते, 'लोक म्हणतील म्हातारा पुन्हा बोहल्यावर चढतोय.' त्यांची जादाची जोडी होती ती. एक तोंडात, एक त्याच्याकडे, अशी ठेवायची त्यांची सवय.

"ही कुणाची? हिला नंबर कुठाय?" पोलीसबाईंनी विचारलं.

"थोरल्या मालकांची."

धाकटे मालक उंबरा ओलांडून आत आले. "ती नाही. दुसऱ्या कुणाची असेल."

"त्यांचीच आहे. मी केलीये."

"काका, बाबांची मी नेली ना. ते गेले त्याच दिवशी." ते टेबलाच्या कडेवर टेकले. "दवाखान्यात त्यांची हरवली. नर्स म्हणते माझ्याकडे नव्हती, वॉर्डबॉय म्हणतो माझ्याकडे नव्हती. आणि बाबांचं तोंड… तुम्ही बघितलं नाहीत. पार आत गेलेलं. आई जवळच जाईना. म्हणे हे कोण, हे आमचे नव्हेत. मग मला आठवलं, बाबा नेहमी मिरवायचे, सगळ्यांवर नंबर असतो, माझ्यावर नाही, मी त्याच्या घरचा आहे. म्हणून दुसऱ्या किल्लीने आत आलो. मोरीपाशी वाडग्यात होती, पाण्यात. नंबर नव्हता. नेली."

बाहेर इस्त्रीवाला कपड्यांवर पाणी शिंपडत असल्याचा आवाज येत होता.

कवळीवाल्याच्या तोंडाशी वाक्य तयार होतं. छोटंसंच. 'ती माझ्या बहिणीची होती.' एकोणीस दिवसांचं, मोडलेल्या साच्यांचं, लोकांच्या ओसरीवर काढलेल्या रात्रींचं सगळं उट्टं त्या एका वाक्यात निघालं असतं. हा माणूस पुन्हा कधी बापाचा तो चेहरा निवांतपणे आठवू शकला नसता. बोलावंसं वाटलं त्याला. फार वाटलं.

त्याऐवजी त्याने भलतंच विचारलं.

"नीट बसली होती?"

"मीच घातली. आधी मागेपुढे झाली, मग बसली." धाकट्या मालकांनी तळहाताने नाक पुसलं. "ओठ जरा पुढे आल्यासारखे दिसत होते. पण आईने बघितलं आणि म्हणाली, आता माझे वाटतात. हसतायत बघ, म्हणाली. मग तासभर हात धरून बसली होती. अजून रोज सांगते येईल त्याला, जाताना हसत गेले म्हणून."

कवळीवाल्याने हातातली जोडी उलटी केली, सुलटी केली. सगळं मिटलंच होतं. तोंडासकट थोरले चितेवर गेले होते, आणि त्यांच्याबरोबर आक्काचे दातही. आता बोलून ते परत यायचे नव्हते. बोललं असतं तर ते थोरल्यांच्या म्हातारीपर्यंत पोचलं असतं, एवढंच.

"मग तीच खरी," तो म्हणाला. "ही आधीची. माझं माप चुकलं होतं हिच्यात. म्हणून डब्यात टाकून दिली होती."

चाळीस वर्षांत त्याने हे वाक्य कुणासमोर उच्चारलं नव्हतं. त्याचं माप कधी चुकलंच नव्हतं.

"मग ही मी ठेवू का?" धाकट्या मालकांनी हात पुढे केला. "चुकीची असली तरी."

"ठेवा. पाण्यात ठेवा."

ते जोडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "काका, ते कुलपाचं… बाबा गेल्यावर मेव्हणे म्हणाले, आत्ताच लावा, माणूस बाहेर आहे तोवर. माझं डोकं जाग्यावर नव्हतं."

"हं."

यापलीकडे त्याला काही देता आलं नाही. माफ केलं असं म्हणण्याइतकं मन मोठं नव्हतं त्याचं, आणि नव्हतं तर नव्हतं.

पोलीसबाईंनी यादी टेबलावर ठेवली. "खाली स्वतःच्या हाताने लिहा. सर्व सामान मिळाले, तक्रार नाही. मग सही." त्याने पेन घेतलं. बाईंनी त्याच्याकडे निरखून बघितलं. "मघाशी एवढं शोधत होतात ते मिळालं ना? नाहीतर आत्ता बोला. सही झाल्यावर मला काही करता येणार नाही."

"मिळालं," तो म्हणाला, आणि लिहिलं.

दुपारी तो भाचीच्या घरी पोचला तेव्हा टेम्पोवाल्याने पोती जिन्यातच टाकली होती. भाचीने दार उघडलं, त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि आवाज बारीक करून विचारलं, "मामा, मिळाले?"

त्याने नकारार्थी मान हलवली. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं.

"आला का गं तो?" आतून आक्काचा आवाज आला, दातांवाचून मऊ पडलेला.

तो दाराबाहेरच उभा राहिला. "आक्का, नाही मिळाले."

"कुठे गेले?"

"माझ्याच हातून गेले. कुठेतरी ठेवले, आणि आता सापडत नाहीत."

"तुझ्या हातून? तू कधी साधी सुई हरवली नाहीस."

"आता हरवले."

"मेल्या," आक्का म्हणाली. "एवढं एकच मागितलं होतं रे तुझ्याकडे. एकच." मग तिचं रडणं ऐकू आलं. रुमालात दाबलेलं, लहान मुलासारखं. भाचीने दाराला हात लावला, तर आतून ओरडली, "येऊ नकोस!" कवळीवाला खाली मान घालून उभा राहिला. मनात आलं, आत जावं, पाय धरावेत, खरं ते सांगून टाकावं. पण आक्काला तो ओळखून होता. तिने पुरतं ऐकून घेतलं असतं, आणि मग मरेपर्यंत तिला एका परक्या माणसाचं तोंड आठवत राहिलं असतं.

हळूहळू आतलं रडणं थांबलं. नाक शिंकरल्याचा आवाज आला.

"किती वाजता येतोय तो उद्या?"

"सकाळी अकराला," भाची म्हणाली.

"औषधाच्या दुकानातून तो तोंडाला लावायचा मास्क आणा. पांढरा. निळ्यात मी आजारी दिसते. खोकला झालाय म्हणून सांगायचं त्याला."

"आई, तीन दिवस मास्क लावून बसणार आहेस?"

"तीनच दिवस तर आहे तो."

"आणि जेवायला बसेल तेव्हा? तुझ्या हातचं म्हणून तर येतोय तो. तुझ्याशेजारी बसून जेवेन म्हणालाय फोनवर."

कवळीवाल्याने पायात चपला सरकवल्या होत्या, दुकान बंद व्हायच्या आत जायचं म्हणून. दाराच्या कडीला हात लावून तो थांबला.

"वाढीन त्याला," आक्का म्हणाली. "आणि सांगेन, मी आत्ताच जेवले."