टेक्निकल हाय

केदारखेड्यात कोणाची विहिरीवरची मोटार जळाली की ती कडूबाकडे यायची. का जळाली असं विचारलं, की कडूबा तार गुंडाळता गुंडाळता म्हणायचा, "टेक्निकल हाय." झालं, विषय खलास! विचारणारा मुकाट्याने उठायचा. पुढे लाइनमनपासून सोसायटीच्या सचिवापर्यंत सगळ्यांनी तो शब्द उचलला, आणि गावात त्याचा अर्थ ठरूनच गेला : आता तोंड उघडायचं नाही.

म्हणून जालन्याच्या दवाखान्यात डॉक्टर दीपमाला म्हणाल्या, "काका, शुगरमुळे डोळ्याच्या पडद्याला सूज आलीये. डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागेल, नाहीतर नजर जाईल. जरा टेक्निकल आहे," तेव्हा कडूबाने शिस्तीत मान डोलावली आणि टोपी उचलली. डोळ्यात सुई! त्यापेक्षा आंधळं झालेलं परवडलं.

"निघालात कुठं?"

"तुमी टेक्निकल म्हन्ल्या ना, मॅडम. मंग आता काय इचारायचं?"

डॉक्टरांना आधी हसू आलं, मग वाईट वाटलं. "अहो काका, टेक्निकल म्हणजे त्या कामातल्या माणसालाच ठाऊक असलेलं. दुसऱ्याला सांगायला वेळ लागतो, एवढंच. बसा, सांगते."

त्यांनी कॉम्प्युटर त्याच्याकडे वळवला. शेंदरी रंगाचा भला मोठा गोळा, त्यात एक पिवळा ठिपका, आणि त्यातून फुटून चहूकडे पसरलेल्या लालभडक नसा. शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोने, द्वारकाबाईने, नकळत हात जोडले.

"ह्यो सूर्यनारायण का वो, बाई?"

"तुमच्या मालकांचा डोळा आहे. आतून."

कडूबा पुढे वाकून बघू लागला. जन्मभर हे कपाळाखाली घेऊन हिंडला आणि त्याला पत्ता नव्हता! डॉक्टर बोटाने दाखवत गेल्या. या नसा पाझरल्या, इथं पाणी साचलं, म्हणून माणसांचे चेहरे पुसट दिसतात. केसाहून बारीक त्या फांद्या बघताना कडूबाचे डोळे भरून आले. एवढं नाजूक काम कोणी केलं असेल, आणि या पोरीला ते वाचायला कोणी शिकवलं असेल?

"टोचताना दुखंल?" त्याने चाचरत विचारलं.

"डोळा बधिर करतो. थोडा दाब जाणवेल."

"अन् दिसंल काही?"

"औषध आत जाताना काळ्या रेघा तरंगताना दिसतील कदाचित."

कडूबा खुर्चीत नीट सरकून बसला.

"मंग टोचा," तो म्हणाला. "पण डोळा मिटू देऊ नका. मला पाह्यचंय."