डाव्या पंखाचा तुकडा

पाहणी समिती अकरा वाजता येणार होती, आणि नऊ वाजता ताईच्या लक्षात आलं की डाव्या पंखाचा तुकडा फळीवर नाही.

ताई विमानं आखायची. बाई विमान आखते म्हटल्यावर लोक आधी हसायचे, मग तिच्या धाकट्या भावाला बाजूला घेऊन विचारायचे, "खरं कोण आखतं?" धाकटा वैमानिक होता. तो म्हणायचा, "तीच आखते. मी फक्त पडतो."

तिच्या शेडमध्ये एक नियम होता. पंखाचा लाकडी कणा जोडला, की त्याच सरसानं दोन ढलप्या जोडून तारीख घालून ठेवायच्या आणि वाळल्यावर हातोड्यानं फोडायच्या. लाकूड फाटलं तर सरस पक्का. सांधा सुटला तर पंख बाद. उजव्या पंखाचा असा तुकडा फोडून झाला होता. डाव्याचा घाईत राहून गेला, आणि आता सापडत नव्हता.

फळ्या शोधून झाल्या, भुशाची पोती उपसून झाली. ताईचा पाय एका जागी ठरेना.

"माझ्या हातचा सरस आहे," सुतारकाका घुश्शात म्हणाले. "ह्या खुर्च्या त्याच सरसाच्या. समिती बसणार आहे त्यांच्यावर."

"खुर्ची ढगात जात नाही, काका."

"ताई, आज विमान उडालं नाही तर ही शेड दुसऱ्याला देतील," धाकटा म्हणाला. "मी बसतोय ना त्यात? मग मला भीती नाही, तर तुला कसली?"

ती टेबलाशी बसली, पुन्हा उठली, पुन्हा बसली. कोपर टेकलं आणि ती थबकली. वर्षभर डुगडुगणारं टेबल हलत नव्हतं.

ती खाली वाकली. टेबलाच्या एका पायाखाली तुकडा होता, तिच्याच अक्षरातली तारीख घालून. तीन आठवड्यांपूर्वी रेघ वाकडी येते म्हणून वैतागून तिनंच हाताला लागेल ते सरकवलं होतं.

काकांनी हातोडा मारला. सांधा अलगद सुटला.

 काका उसळले. "फरशी रोज धुतात! पाण्यात भिजत पडलेला तुकडा हा. ह्याच्यावरून मला नापास करता?"

त्यांचं खरं होतं. तुकडा काहीच सांगत नव्हता, ना चांगलं, ना वाईट. धाकट्यानं टोपी चढवली. त्याच्या एका बुटाची नाडी सुटलेली होती, शाळेत जाताना असायची तशी.

"नाडी बांध," ताई म्हणाली, आणि तिनं करवत उचलली.

"अगं, वेडी झालीस का?"

"कण्याचा सांधा कापून बघते."

समिती आली तेव्हा डाव्या पंखाचं कापड फाडलेलं होतं आणि ताईच्या केसांत भुसा होता. तिनं सांध्याचा कापलेला ठोकळा ऐरणीवर ठेवला आणि घाव घातला. ठोकळा फुटला. लाकडाचे तंतू उभे राहिले. सांधा जिथल्या तिथे होता.

"म्हणजे पंख चांगला होता?" समितीच्या प्रमुखांनी विचारलं.

"हो."

"मग कापलात कशाला?"

"कापल्यावर कळलं, साहेब."

प्रमुखांनी घड्याळ पाहिलं, कळवतो म्हणाले, आणि मंडळी खुर्च्यांना न शिवता निघून गेली.

धाकट्यानं पंखातल्या भगदाडातून हात घालून पाहिला. "शेड गेली समज," तो म्हणाला. मग खाली बसून नाडी बांधू लागला.

"कळवेपर्यंत तर आपलीच आहे. काका, नवा कणा किती दिवसांत होईल?"

काका अजून घुश्शातच होते. त्यांनी लाकूड निवडलं आणि सरस घोटायला घेतला. दोन ढलप्या जोडून बघण्यापासूनच त्यांनी सुरुवात केली. पट्टीनं घट्ट आवळून वर तारीख घातली. ताईनं हात पुढे केला.

"हा माझ्याकडे राहील," काका म्हणाले आणि तुकडा स्वतःच्या खिशात घातला.