कानडी काळजाचा ट्रक

मित्रांनो, मी एक जुना ट्रक आहे. पण सगळाच जुना समजू नका. धड माझं, दारं माझी, भोंगाही माझाच. इंजिन तेवढं पाहुणं आहे. ते कसं आलं, तेच सांगतो. यात एक शब्द खोटा नाही, दोन-चार असतील.

सोलापुरात आलो तेव्हा मी पिवळाधमक होतो. माझे मालक आणि ड्रायव्हर आबासाहेब यांनी माझ्या कपाळाला हळद-कुंकू लावलं, चाकांखाली लिंबं ठेवली आणि आम्ही दोघं कामाला लागलो. माळशिरसचा ऊस, बार्शीची ज्वारी, अक्कलकोटकडचा कांदा, सगळं मी वाहिलं. माझा भोंगा वाजला की रस्त्याकडेच्या कोंबड्या दचकून अंडी घालत. चैत्रातल्या उन्हात आबासाहेब माझ्या बॉनेटवर भाकरी भाजत. खोटं वाटत असेल तर या एकदा शेंगाचटणी घेऊन!

पण मागच्या वर्षी, कांदा भरून येताना, माझ्या इंजिनाने काळा धूर ओकला आणि प्राण सोडला. अक्कलकोट रस्त्यावरच्या गॅरेजात मला ओढत आणलं. अभिमन्यू मिस्त्रीने बॉनेटमध्ये डोकं घातलं, बाहेर काढलं आणि मान हलवली.

"आबा, ह्यात आता काय बी राह्यलं न्हाय. नवं बसवा."

"नव्या इंजिनाच्या पैशात आणखी अर्धा ट्रक येतोय की! दुसरं काय तरी बघ."

"मग भंगारात द्या."

"आन् मी? ह्या वयात दुसऱ्याच्या गाडीवर क्लीनर होऊ व्हय?"

शेवटी विजापूरकडे मोडीत निघालेल्या एका ट्रकाचं इंजिन स्वस्तात मिळालं. पोत्यात गुंडाळून, टेंपोत बसून ते आलं. साखळीने उचलून माझ्या पोटात सोडलं, तर बसेना. अभिमन्यूने मोडक्या लोखंडी कॉटच्या पट्ट्या कापून त्याला टेकू दिला. म्हणजे आजही ते माझ्या पोटात पलंगावर लोळतंय म्हणा ना!

किल्ली फिरवली. घर्रर्र... गप्प. आबासाहेबांनी चार शिव्या घालून पुन्हा फिरवली. पुन्हा गप्प. दुपार झाली. भंगारवाला येऊन माझ्याभोवती फिरू लागला. पत्र्यावर बोटं वाजवून मनातल्या मनात वजन करू लागला.

"आजच्या आज चालू न्हाय झालं, तर उद्या ने बाबा," आबासाहेब म्हणाले आणि तोंड फिरवून उभे राहिले. सोलापूरच्या त्या उन्हातही माझे टायर गार पडले.

तेवढ्यात शेजारच्या टपरीवरची चंद्रव्वा चहा घेऊन आली.

"मघापासून कुणाला शिव्या देताय वो, आबासाहेब?"

"इंजिनाला! लई आडमुठं हाय."

"कुठलं म्हणायचं?"

"विजापूरकडचं."

"मग त्याला मराठी शिव्या काय कळत्यात? कानडी लेकरू ते!" तिने भंगारवाल्यासकट सगळ्यांच्या हाती चहा दिला, बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाली, "एळो मगा, नडी!"

मग आबासाहेबांना सांगितलं, "ऊठ लेकरा, चल, म्हटलं. मारा आता किल्ली."

आबासाहेबांनी हसत हसत किल्ली मारली, आणि धडधड धडधड! भंगारवाल्याचा चहा त्याच्याच सदऱ्यावर सांडला. आबासाहेबांनी तर चंद्रव्वाला वाकून नमस्कारच केला.

अभिमन्यू मात्र अजून म्हणतो, "डिझेलच्या नळीत हवा धरली होती. त्याच टायमाला मी ती काढली." मिस्त्री लोक काहीही सांगतात! माझ्या पोटातलं मला कळणार की त्याला?

तेव्हापासून आबासाहेब रोज सकाळी टपरीवर चहा घेतात आणि "एळो मगा" म्हणूनच किल्ली लावतात. उच्चार चुकला तर चंद्रव्वा टपरीतून ओरडते. आणि गंमत म्हणजे, तोच भंगारवाला आता त्याचा माल माझ्यातूनच पाठवतो. मी दर खेपेला त्याच्या कानाशी भोंगा वाजवतो. तो अजून अंडी घालत नाही, एवढंच.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या वर्गात कुणी लांबून आलं आणि गप्प बसलं, तर त्याला मठ्ठ म्हणू नका. त्याच्या बोलीतला एक शब्द शिका आणि हाक मारा. घरातली जुनी सायकल, आजीचं शिलाई मशीनही टाकायची घाई करू नका. तेल घाला, हात फिरवा, प्रेमाने बोला. एवढं करूनही चालू झालं नाही, तर गुपचूप नळीतली हवा बघा.

पण कशाने चालू झालं असं कुणी विचारलं, तर नाव मात्र हाकेचंच सांगा.