बाळराजांच्या मनाला लागेल

कुत्रा उशीएवढाही नव्हता, पण नवऱ्याने त्याचं नाव ठेवलं होतं बाळराजे. अशा नावाच्या जिवाला मनही तसंच नाजूक असणार, हे घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ते सांगायला एक बाई यावी लागली. बाळराजांनी सोफ्याचा कोपरा कुरतडला, पायपुसण्याच्या चिंध्या केल्या, आणि शेवटी नवऱ्याच्या नव्या चपलेचा चावून चोथा केला, तेव्हा त्याने पाळीव प्राण्यांच्या समुपदेशक बाईंना घरी बोलावलं. बाई फरशीवर मांडी घालून बसल्या, बाळराजांच्या डोळ्यांत बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही दोघं याच्यासमोर भांडता."

भांडत होतेच. इतकी वर्षं संसार केल्यावर माणसं दुसरं काय करणार?

"त्याला शब्द कळत नाहीत, सूर कळतो," बाई म्हणाल्या. "काय बोलायचं ते बोला, पण गोड आवाजात."

बायकोला वाटलं, आता हा हसणार. चष्म्याचं दुकान चालवणारा रोखठोक माणूस. स्वतःचे वडील वारले तेव्हाही वेळेवर दुकान उघडलेला. पण त्याने अगदी गंभीरपणे मान डोलावली, आणि त्या दिवसापासून घरात नुसता मधाचा पाझर सुरू झाला.

"अगं राणी, गिझर पुन्हा चालूच ठेवलास ना गं? अक्कल कुठे गहाण ठेवलीस?" तो लाडेलाडे विचारायचा.

"अहो, तो तुम्हीच ठेवलात हो. डोकं ठिकाणावर आहे ना?" तीही बोबड्या बोलात परतफेड करायची.

बाळराजे शेपटी हलवायचे. भिंतीपलीकडची शेजारीण तर आपल्या नवऱ्याला ऐकवू लागली, की बघा, शिका जरा, या वयातही किती प्रेम आहे!

बायको हॉस्पिटलात मुख्य नर्स होती. वॉर्डात तिचा आवाज चढला की पेशंटच्या खाटेवर ऐसपैस बसलेले नातेवाईक टुणकन उठून उभे राहत. घरी तोच आवाज उंबऱ्याबाहेर ठेवून यावा लागे. सुरुवातीला तिला मजा वाटली. मग हळूहळू ध्यानात आलं, की या सुरात खरं काहीच बोलता येत नाही. पाठ दुखतेय म्हटलं तरी ते अंगाईसारखं वाटायचं. नवऱ्याला मात्र हे भलतंच मानवलं. गोड बोलणाऱ्या बायकोचं ऐकून घ्यायची गरजच नसते, असा शोध त्याला लागला होता.

अशात तिला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलने मेट्रन म्हणून बोलावलं. जायचंच असं तिने ठरवलं नव्हतं. नवऱ्याने एकदा "नको जाऊस" म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. निदान "मीही येतो" म्हणावं. नाहीतर सरळ चिडावं.

तो बाळराजांचे केस विंचरत होता, तेव्हा तिने विषय काढला. "अहो, मला लांब नोकरी मिळालीय हो. तिकडेच राहावं लागेल. जाऊ का हो?"

"जा की गं सोन्या," तो म्हणाला. नजर कंगव्यावरच होती.

तिने होकार कळवून टाकला. त्यानंतरही त्याने अडवावं म्हणून ती वाट पाहत राहिली. त्याच्यासमोर कपडे भरले, निरोपाला आलेल्या मैत्रिणींना त्याच्या हातचा चहा पाजला. तो सगळ्यांशी छान गोड बोलला.

निघायच्या सकाळी तिने बॅग दाराशी ठेवली. "अहो, निघते हं."

"सावकाश जा हं राणी. आणि संध्याकाळी येताना बाळराजांची बिस्किटं आण गं."

मग मात्र तिचं डोकं सणकलं. वॉर्डातला आवाज घरात प्रथमच पूर्ण ताकदीने निघाला. "मी कायमची चाललेय! दुसऱ्या शहरात! तुम्हाला काही ऐकू येतं का?"

नवरा ताडकन उठला आणि दोन्ही हात पुढे करून धावला. क्षणभर तिला वाटलं, आता हा आपल्याला धरणार. तो वाकला आणि त्याने बाळराजांचे दोन्ही कान झाकले.

"अगं, हे जिन्यात बोलूया ना गं," तो मधाळ सुरात म्हणाला. "किती घाबरलाय बघ."

बाळराजांनी जांभई दिली.

ती जिन्यात जाऊन उभी राहिली. इथे ओरडायला मुभा होती, आणि ओरडण्यासारखं पुष्कळ साठलं होतं. त्याने फक्त बाहेर यायचं होतं. दार उघडंच होतं. आतून त्याचा आवाज आला, या वेळी खरोखरीचा, भरून आलेला.

"नाही रे, तुला सोडून मी कुठ्ठे कुठ्ठे जाणार नाही."

तिने बॅग उचलली आणि दार हलकेच ओढून घेतलं. आवाज झाला असता तर बाळराजांच्या मनाला लागलं असतं.