पाठकोऱ्या वह्या

मित्रांनो, माझ्या अंगावर रंगीबेरंगी ठिगळांचं झबलं आहे म्हणून हसू नका. मी एक जुनं झेरॉक्स मशीन आहे, आणि हे झबलं ताईने उरलेल्या कापडातून माझ्या मापाने शिवलं आहे. माझं धूड चार माणसांना उचलत नाही, मला गरम व्हायला पाच मिनिटं लागतात आणि माझी घरघर समोरच्या फुटपाथवर ऐकू जाते. तरी या गल्लीत असं एक घर नाही, ज्याचे कागद माझ्या काचेवर पालथे पडले नाहीत. हे मी पूर्वी मोठ्या तोऱ्यात सांगत असे. आता सांगताना मला चोरट्यासारखं होतं. का, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझी पहिली नोकरी एका मोठ्या कचेरीत होती. तिथे थंड हवेची खोली होती, मला पुसायला वेगळं फडकं होतं, मोठे साहेब स्वतः येऊन मला कागद भरवत. मग एक दिवस नवं मशीन आलं आणि मला जिन्याखाली ढकललं. दोन वर्षं माझ्या डोक्यावर जुनी कॅलेंडरं आणि कुणाची तरी मोडकी छत्री पडून होती. त्या अडगळीतून मला माझ्या मालकाने बाहेर काढलं, टेम्पोत घालून इथे आणलं आणि दिवसभर बसून माझा एकेक दात घासला. त्याचे उपकार मी विसरणार नाही. पुढे जे झालं त्यानंतरही नाही.

आमचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढच्या अर्ध्या भागात मी आणि मालक, मागच्या अर्ध्या भागात ताई आणि तिचं शिलाई मशीन. ताई मालकाची थोरली बहीण. तिचा नवरा वारला तेव्हा मालकाने एका शब्दाने न विचारता तिचं मशीन हातगाडीवर घालून दुकानात आणून ठेवलं. पँटची उंची कमी करणं, चेन बदलणं, उसवलेलं शिवणं, अशी कामं ती करते. स्वभावाने मऊ, पण कात्रीच्या बाबतीत नाकावर माशी बसू देणार नाही. कापडाची कात्री कागदाला लावली की धार जाते म्हणून त्या कात्रीला ती कुणालाच हात लावू देत नसे. एकदा मालकाने घाईघाईत त्या कात्रीने एक पाकीट फोडलं, तर दोन दिवस अबोला! जेवणाचा डबासुद्धा ती त्याच्यासमोर न बोलता आदळायची.

आता मालकाविषयी. गल्लीत त्याला सगळे ‘पाठकोरे’ म्हणतात. त्याचं आडनाव वेगळंच आहे, पण ते आता त्यालाही आठवावं लागतं. एका बाजूने छापलेला आणि पाठीमागे कोरा राहिलेला कागद टाकून देणं म्हणजे त्याच्या लेखी महापाप. प्रत तिरकी आली, काळी आली, अर्धी आली, की तो ती हळूच बाजूच्या खोक्यात सरकवायचा. खोकं भरलं की कागद निम्म्यात कापायचा, कोरी बाजू वर ठेवायचा, वरून पुठ्ठा लावायचा आणि पिना मारून वही करायचा. दहा प्रती काढल्या की एक वही फुकट. लहान मुलं त्यावर चित्रं काढत, आजोबा लोक औषधांच्या वेळा लिहीत, वाणी सामानाच्या याद्या करी. सगळे त्याचं कौतुक करत. मीही करत असे. माझ्या बिघडलेल्या प्रतींचंसुद्धा सोनं होतंय, याचा मला केवढा अभिमान!

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. काही वर्षांपूर्वी कुणीतरी कागदाला लावलेली पिन न काढताच तो माझ्या पोटात सारला आणि माझ्या ड्रमवर, म्हणजे ज्यावरून अक्षरं कागदावर उतरतात त्या पोटातल्या नळकांड्यावर, ओरखडा उठला. तेव्हापासून माझ्या प्रत्येक प्रतीवर, उजव्या कडेपासून दोन बोटं आत, वरपासून खालपर्यंत एक बारीक काळी रेघ उमटते. दुरुस्तीवाला म्हणाला, ड्रम बदला. मालक म्हणाला, रेघेने कुणाचं काय अडतंय? आणि खरंच, कुणाचं काही अडलं नाही.

ताईच्या मनात एकच गोष्ट होती. शेजारचा गाळा रिकामा होणार होता. तो तिला हवा होता. स्वतःचं दुकान, कपडे टांगायला एक दांडी, गिऱ्हाइकाला बसायला एक बाक, आणि दारावर स्वतःचं नाव. एवढंच. गाळेवाल्याने तिला महिनाअखेरपर्यंतची मुदत दिली होती, आणि बँकेने कर्ज द्यायचं तोंडी कबूल केलं होतं. त्याच्या बऱ्याच आधी, चौकशीचा पहिला अर्ज भरताना, तिने आपलं ओळखपत्र माझ्या काचेवर ठेवलं होतं. प्रत निघाली. तिने त्यावर सही केली, मोबाइल नंबर घातला, आणि मग तिच्या लक्षात आलं की प्रत तिरकी आली आहे. मालकाने दुसरी काढून दिली. पहिली गेली खोक्यात. मित्रांनो, मी तिथेच होतो. मला काही वाटलं नाही.

थोड्या दिवसांनी एक चष्मेवाला गृहस्थ भाडेकरार घेऊन आला. दहा प्रती झाल्या, वही मिळाली. त्याने ती हातात घेतली, उलटी केली आणि पानं चाळत राहिला. मग फार गोड आवाजात त्याने विचारलं की अशा आणखी आहेत का. आपल्या वह्यांची एवढी कदर करणारा माणूस मालकाला प्रथमच भेटला होता. त्याने एक सोडून पाच दिल्या, वर पैसेही घेतले नाहीत. तो गृहस्थ पुन्हा कधी दिसला नाही.

आमच्या गल्लीत बहुतेक घरं दिवसा बंद असतात, म्हणून कुरिअरवाले सगळ्यांची पार्सलं आमच्याच दुकानात ठेवून जातात. असंच एक दिवस एक लहानसं जड खोकं आलं, ताईच्या नावाचं. तिने काही मागवलं नव्हतं. उघडून पाहिलं तर आत कोरा करकरीत मोबाइल, तोही एवढा भारी की ताईने पहिल्यांदा हात पदराला पुसले. मालकाने तिची थट्टा केली, म्हणाला की कुणीतरी गिऱ्हाईक तुझ्या शिवणावर खूश झालेलं दिसतंय. तेवढ्यात ताईच्या जुन्या फोनवर फोन आला. कंपनीतून बोलतोय, पत्त्याचा घोटाळा झाला, आमचा माणूस येईल, त्याच्याकडे एवढं पार्सल द्या, तसदीबद्दल माफ करा. अर्ध्या तासात गळ्यात ओळखपत्र अडकवलेला माणूस हजर. ताईने त्याला पाणी दिलं. त्याने शिक्का मारलेली पोच दिली, आणि मालकाने तिची माझ्यावर प्रत काढून फाईलला लावली. दुसऱ्याची वस्तू जशीच्या तशी परत केली म्हणून दोघंही त्या दिवशी खुशीत होती.

आठवड्याने दुसरा मोबाइल आला. पुन्हा तोच घोटाळा, तीच माफी, तोच माणूस. तिसऱ्या वेळी मात्र ताई बिचकली. हा मोबाइल मी स्वतः कंपनीच्या कचेरीत नेऊन देते, असं ती म्हणाली. तेव्हा मालकाने तिला समजावलं की तुझ्याकडे शिवणाचा ढीग पडलाय, कशाला दिवस मोडतेस, आणि परक्याची एवढी महागडी वस्तू दुकानात ठेवायची तरी कशाला? त्याने स्वतःच्या हाताने तो तिसरा मोबाइल त्या माणसाच्या पिशवीत ठेवला.

मुदत संपायला चार दिवस उरले असताना ताई बँकेत गेली. परत आली ती थेट स्टुलावर बसली. चप्पलसुद्धा काढली नाही. मालकाने दोनदा विचारलं तेव्हा तिने सांगितलं. कर्ज नामंजूर. तिच्या नावावर तीन मोबाइल हप्त्यांनी घेतलेले आहेत आणि एकाचाही एक हप्ता भरलेला नाही. बँकेतली बाई तिला सगळ्यांसमोर म्हणाली की घ्यायच्या आधी विचार करायचा होता. तीस वर्षं जिने सुटी बटणंसुद्धा गिऱ्हाइकाला मोजून परत केली, तिला हे ऐकावं लागलं. माझ्या पायाखालची जमीन सरकली असं म्हटलं असतं, पण मला पाय नाहीत, चाकं आहेत.

दुसऱ्या दिवशी ती मोबाइल कंपनीच्या कचेरीत गेली. पोच दाखवली तर तिथले लोक म्हणाले, हा शिक्का आमचा नाही आणि असा माणूसही आमचा नाही. बरीच हुज्जत घातल्यावर त्यांनी ज्या कागदांवर मोबाइल दिले होते त्यांची नक्कल तिच्या हातात ठेवली. तिने दुकानात येऊन ते कागद माझ्या झाकणावर पसरले. अर्ज, त्यावर तिची सही, सहीच्या वळणात जराही फरक नाही. मागे ओळखपत्राची प्रत, थोडी तिरकी, आणि निम्म्यात कापून पुन्हा जोडल्याची आडवी खूण.

मालक कागद वाचत होता. वाचता वाचता थांबला. प्रतीच्या उजव्या कडेपासून दोन बोटं आत, वरपासून खालपर्यंत, एक बारीक काळी रेघ होती.

मित्रांनो, एवढी वर्षं मी हजारो चेहरे पाहिले, पण माणसाचा चेहरा इतका पांढरा होताना पाहिला नव्हता. त्याने माझं झाकण उचललं. काचेवर काहीच न ठेवता बटण दाबलं. मी कोरा कागद बाहेर टाकला. त्यावर फक्त माझी रेघ. त्याने तो ओळखपत्राच्या प्रतीवर ठेवला आणि दोन्ही उजेडाकडे धरले. रेघेवर रेघ तंतोतंत बसली.

अरे देवा! म्हणजे मीच? माझ्याच पोटातून हा कागद निघाला? मला वाटत होतं चोर कुठेतरी लांब असेल, एखाद्या बंद खोलीत, कुलपं फोडणारा. आम्ही तर त्याला वही बांधून दिली होती, पुठ्ठा लावून.

मालकाला गप्प बसता आलं असतं. ताईला रेघेचं काही कळलं नव्हतं. ती कागदांकडे बघत स्वतःलाच विचारत होती की माझं नाव चोरलं तरी कुणी. मालकाने कागद खाली ठेवले.

“ताई, तुझं नाव कुणी चोरलं नाही,” तो म्हणाला. “मीच ते वाटून टाकलं.”

मग त्याने सगळं सांगितलं. खोकं, वह्या, चष्मेवाला, पाच वह्या फुकट. सांगताना तो तिच्याकडे बघत नव्हता. ताई ऐकून घेत होती. बाहेरून एक बाई पँट न्यायला आली, तिला ताईने पँट दिली, सुटे पैसे दिले, पुन्हा येऊन बसली. मला वाटलं, आता रडेल. मालकाला वाटलं असेल, आता उठून जाईल.

ताई उठली आणि तिने फळीवरच्या उरलेल्या वह्या खाली घेतल्या. मग भिंतीवरच्या खिळ्यावरची कापडाची कात्री काढली. मालक घाबरून म्हणाला, “ताई, ती नको. धार जाईल.”

“जाऊ दे,” ती म्हणाली.

आणि तिने पहिली वही कापली. मग दुसरी. एकेका पानाचे बारीक तुकडे. गल्लीतल्या माणसांचे चेहरे, सह्या, पत्ते, जन्मतारखा, सगळं तिच्या पायाशी पडत होतं. मालक खाली बसून तुकडे गोळा करत होता आणि हमसून हमसून रडत होता. मी किती तरी वर्षं त्या कात्रीचा आवाज कापडावर ऐकला होता. कागदावर तो फार वेगळा लागतो.

दुसऱ्या दिवशी मालक ताईबरोबर आधी पोलिसांकडे, मग कंपनीत आणि बँकेत गेला आणि चूक आपल्या हातून झाली असं सगळीकडे लिहून दिलं. दुकानाच्या दारावर त्याने सूचना लावली, की इथे ज्यांनी ओळखपत्रांच्या प्रती काढल्या असतील त्यांनी आपल्या नावावर काही घेतलं गेलंय का ते तपासून पाहावं. लोक आले ते भांडायलाच. जे त्याचं कौतुक करत होते त्यांनीच त्याला तोंडावर काय वाटेल ते सुनावलं. तीन घरांत असेच मोबाइल येऊन गेले होते, आणि तिन्ही घरांनी ते अगदी प्रामाणिकपणे परत केले होते. आता माझ्याकडे दिवसाला पाच-सहाच कागद येतात. मालक रिकाम्या दुकानात बसून असतो, पण सूचना काढत नाही.

ताईचं नाव मोकळं व्हायला अजून वेळ आहे असं कंपनी म्हणते. गाळा मात्र गेला. तिथे आता चावीवाला बसतो. ताई इथेच, मागच्या अर्ध्या भागात शिवते. कात्रीला दोनदा धार लावून आणली, पण पूर्वीची गेली ती गेलीच. कापड कापताना ती मध्येच अडते. ताई थांबते, भावाकडे बघायचं टाळते आणि पुन्हा कापते. दुपारचा डबा मात्र ती दोघांचा उघडते.

मित्रांनो, मी मशीन आहे. माझ्या काचेवर जे ठेवाल ते मी उमटवतो, कुणाचं आणि कशासाठी हे मला विचारता येत नाही. म्हणून तुम्हीच लक्ष ठेवा. झाकण उचलून आपला मूळ कागद घ्या, आणि बिघडलेली प्रतही मागून घ्या. दुकानदार म्हणेल राहू द्या, तरी घ्या. न मागवलेलं काही दारात आलं तर ते कुणाच्या हाती देऊ नका, आधी कंपनीच्या कचेरीत स्वतः जाऊन विचारा. ताई जाणारच होती. आम्ही तिला जाऊ दिलं नाही.