मुहूर्ताची साडी

त्या सोमवारी कोकिळाच्या डोक्यात सकाळपासून जाळ होता, आणि तो पेटवला होता योगेंद्रच्या एका गोड वाक्याने. योगेंद्र म्हणजे मोतीलाल शेठचा धाकटा. पुण्याहून मोठं शिक्षण घेऊन जळगावात परतला आणि बापाच्या कापडदुकानात साहेब झाला. शनिवारी त्याने कामावरच्या सगळ्या बायकांना काउंटरपाशी गोळा केलं आणि हसत हसत सांगितलं, "मावशी, पुढच्या महिन्यापासून तुमचे तास कमी. घरच्यांना जरा वेळ देता येईल."

घरच्यांना वेळ म्हणे. वेळ द्यायला घरचा माणूस जिवंत राहायला नको?

तास कमी म्हणजे पगार कमी, हे तर शेंबड्या पोरालाही कळतं. खरी मेख त्यापुढे होती. तास कमी झालेल्या बायकांची नावं दुकानाच्या हजेरीतून निघून ठेकेदाराकडे जाणार होती. तिथे त्या 'मदतनीस'. आणि मदतनिसाला ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड नाही. कोकिळाच्या त्या कार्डावर तिचा नवरा रुपचंद जगत होता. त्याची दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेली होती. आठवड्यातून तीनदा त्याला डायलिसिसला न्यावं लागे, आणि ते कार्डावर फुकट होई. कार्ड गेलं की डायलिसिस गेलं, आणि डायलिसिस गेलं की रुपचंद गेला. यात न कळण्यासारखं काही नव्हतं. योगेंद्रला ते कळतही होतं, कारण रुपचंदच्या आजारासाठी ती त्याच्याकडेच रजा मागायची. पण ज्याचं जळतं त्याला कळतं, बाकीच्यांना नुसता धूर दिसतो.

रविवारी दुपारी तळघरातल्या गोदामात, कापडाच्या गठ्ठ्यांवर बसून सगळ्यांनी डबे उघडले. दिवसभरात टेकायला मिळायचं ते एवढंच. वर दुकानात पूर्वी स्टूल होते. योगेंद्रने आल्या आल्या ते उचलायला लावले, कारण बसलेली बाई गिऱ्हाइकाला आळशी दिसते. स्वतःची फिरती खुर्ची मात्र त्याने मुंबईहून मागवली होती.

"अक्का, खरं सांगू का, मले तं बरंच वाटनं," दिपमाला म्हणाली. ही चाळीसगावची, ड्रेसच्या काउंटरवरची, पदरात पाच वर्षांची पोर. "पोर दिनभर शेजारीनकडे ऱ्हास. दुपारले घर गऊ तं तिनं तोंड तरी दखसू. अन् त्या कार्डनं मले काय? त्या दवाखानानी रांगमा उभं ऱ्हावापेक्षा ताप अंगवर काढेल बरा."

"तुना घरमा ताप शे, माय," कोकिळा म्हणाली. "मना घरमा मरन शे."

सूटिंगवरचा प्रेमराज सगळ्यांत जुना. त्याने भाकरीचा तुकडा ठेच्याला लावून तसाच हातात धरला. "शेठनी कोरोनामा घरपोच दाना धाडा. त्याना मिठले जागानं का नही? तुम्ही संघटना कराले निंघनात. हात दाखाडीसन अवलक्षण. उद्या बठ्ठासले काढी टाकतीन."

"दाना धाडा, मान्य. अन् आपन तोंडले फडकं बांधीसन त्यानं दुकान चालू ठेवं, ते इसरनात का? त्याना पोटमा बी आपलं मीठ शे, भाऊ. त्यानी बी जागानं."

कोकिळाचा भाऊ हिलाल नरडाण्याच्या कारखान्यात होता. तिथे कामगारांची युनियन होती. शनिवारी संध्याकाळी तिने त्याला फोन लावला तेव्हा तो एवढंच म्हणाला होता, की बाई, साहेबाकडे एकटीने जायचं नाही. गेलात तर सगळ्या, नाहीतर कोणीच नाही. ते तिने सगळ्यांना पुन्हा सांगितलं. कोणी हो म्हणेना, कोणी नाही म्हणेना. जो तो आपल्या डब्यात बघत राहिला. कोकिळाला वाटलं, एकेकीचा डबा हिसकावून भिंतीवर फेकावा.

"तुले दुपारले घर जावानं कोनी सांगं?" तिने दिपमालाला विचारलं. "तास कोनता, ते तरी इचारं का?"

दिपमाला ताडकन उठून वर गेली. परत आली तेव्हा तिचा चेहरा पडला होता. तास दुपारी चार ते रात्री दहा. गिऱ्हाईक भरून वाहतं तेवढेच तास. "पोर शाळामातून ई तवय मी घरमातून निंघसू," ती म्हणाली, "अन् ती झोपी जाई तवय येसू." एवढं बोलून तिने डब्याचं झाकण असं आपटलं की प्रेमराजच्या हातातला तुकडा खाली पडला.

इतका वेळ ताईबाई कोपऱ्यात साड्यांना कागद लावत होती. ही गोदामातच काम करायची, फारशी बोलायची नाही. "मना घरधनी दालमिलमा व्हता," ती मान वर न करता म्हणाली. "त्याले कार्ड नव्हतं. कावीळ व्हयनी, खाजगीमा नेवानी ऐपत नव्हती, गया. तवय कोनी त्यानाकरता भांडनं नही. आते तुम्हीच ठरावा."

त्यानंतर ठरायला वेळ लागला नाही. सोमवारी असोद्याचा मोठा बस्ता यायचा होता. त्या दिवशी एकही घडी मोडायची नाही, गादीवर बसून राहायचं. प्रेमराज म्हणाला, मी बघतो. म्हणजे तो बसणार नव्हता.

बस्ता म्हणजे लग्नाची कापडखरेदी, पण आमच्याकडे ते नुसतं खरेदी करणं नसतं. नवरदेवाच्या घरचं अख्खं भावकीचं लटांबर टेम्पोत बसून येतं, दिवसभर गादीवर ठाण मांडतं, चहा पितं, रुसतं, समजूत काढतं आणि शेवटी गाठोडी बांधून जातं. त्याची सुरुवात मुहूर्ताच्या साडीने. दुकानातल्या सवाष्णीने पहिल्या साडीची घडी मोडायची, पदराला कुंकवाचं बोट लावायचं, शेठने नारळ द्यायचा. एकदा कुंकू लागलं की त्या घराने दुसऱ्या दुकानाची पायरी चढायची नाही. मोतीलाल शेठच्या दुकानात ही साडी वर्षानुवर्षं कोकिळाच उघडत आली होती. तिच्या हाताला गुण आहे, असं असोद्यापासून चाळीसगावपर्यंत बायका म्हणत. आणि तेवढ्या वेळापुरतं ताईबाईला न चुकता सांगितलं जाई, "ताईबाई, जरा खाली जाऊन या." विधवेची सावली नको. हे सांगायचं काम कधी शेठ करी, कधी प्रेमराज, आणि खोटं कशाला बोला, कधी कधी कोकिळासुद्धा.

असोद्याची मंडळी आली ती केळीच्या बागांवाली, घसघशीत. पांढरी गादी भरून गेली. नवऱ्या मुलाची आई झुंबरबाई मात्र आत आली नाही. ती दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ उभी राहिली. तिचा नवरा गेल्या वर्षी गेला होता. पोटच्या पोराचा बस्ता, आणि ही चपला राखत उभी. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिची जाऊबाई पुढे सरसावून बसली होती.

मोतीलाल शेठ स्वतः ताट घेऊन आला. ताटात कुंकू, नारळ आणि डब्यात बंद लाल शालू. "कोकिळाबाई, या. करा मुहूर्त."

कोकिळा आली आणि साडी न उचलता गादीच्या कडेला मांडी घालून बसली. तिच्या मागे दिपमाला बसली. मग एकेक करत काउंटरवरच्या सगळ्या बसल्या. तळघरातून ताईबाई वर आली आणि तीही टेकली. सूटिंगपाशी प्रेमराज एकटा उभा राहिला, हाताची घडी घालून.

"हे काय चाललंय?" योगेंद्र धावत आला. "उठा. गिऱ्हाइकासमोर तमाशा नको."

"तास कमी करू नका आणि कार्ड काढू नका," कोकिळा म्हणाली. "एवढं सांगा, लगेच उठतो."

"ते नंतर बोलू ना. मावशी, प्लीज."

"नंतर तुम्ही भेटत नाही, साहेब."

असोद्याच्या मंडळीत कुजबुज सुरू झाली. दारातून झुंबरबाई खेकसली, "बाई, तुमच्या दुकानाचं भांडन माह्या पोराच्या लग्नात कशाले? मुहूर्त चालला ना टळून."

तिचं काही चुकत नव्हतं. आणि म्हणूनच कोकिळाला ते जास्त लागलं. इतक्यात शेठ पुढे झाला आणि त्याच्या मुरलेल्या, लोणी लावलेल्या आवाजात म्हणाला, "अहो, सवाष्णीने असं अडून बसू नये. लग्नाला अपशकुन होतो. तुम्हाला शोभतं का हे?"

तिथे कोकिळाचा बांध फुटला. दुकानात बोलायची भाषा गळून पडली आणि घरची बाहेर आली.

"शेठ, मुहूर्तले सवाष्ण लागस ना तुमले? मंग मना धनीनं कार्ड कसाले काढतस? डायलिसिस बंद पडनं तं पुढला बस्ताले मी सवाष्ण ऱ्हासू का? मनं कुंकू तुमना दुकानले पाहिजे, अन् तेच तुम्ही पुसतस. अपशकुन कोनी करा, मी का तुम्ही?"

जाऊबाईने तोंडाला पदर लावला. असोद्याची म्हातारी माणसं शेठकडे बघू लागली, आणि ती नजर काही बरी नव्हती. शेठ धंद्यात मुरलेला गडी. नाक दाबलं गेलंय हे त्याने ओळखलं. तो वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, "तुझं कार्ड राहील. माझा शब्द. फक्त तुझं. बाकीच्यांचं योगेंद्र बघेल. चल, उघड साडी."

कोकिळाच्या डोळ्यांसमोर रुपचंदचा हात आला. सुया टोचून टोचून गाठी आलेला, काडीसारखा हात. तो सकाळी निघताना म्हणाला होता, भांडू नको, तुले मनी आन. मिळालं होतं की तिला हवं होतं ते. कोण नावं ठेवणार होतं? दिपमालाला ताप अंगावर काढायचा होता ना? काढू दे. प्रेमराज तर बसलाही नव्हता. तिचा हात साडीच्या डब्यावर गेला, आणि झाकण तिने उघडलंसुद्धा.

तेवढ्यात मागे हालचाल झाली. ताईबाई उठली होती. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. मुहूर्ताची साडी निघताना दिसली आणि सवयीने ती आपली तळघराच्या जिन्याकडे निघाली, खाली मान घालून.

कोकिळाला शेठचा राग होता, योगेंद्रचा होता, पण त्या घटकेला तिला सगळ्यात जास्त चीड आली ती स्वतःची. आत्ताच आपण भर दुकानात कुंकवाची ढाल करून भांडलो. ज्या रिवाजाने या बाईला इतकी वर्षं तळघरात ढकललं, तोच हातात घेऊन आपण आपल्यापुरतं मिटवून घ्यायला निघालो. हिच्या नवऱ्याला कार्ड असतं तर हीही आज सवाष्ण म्हणून इथे बसली असती.

तिने झाकण परत लावलं.

"ताईबाई, कोठे जास? बस आठे." मग शेठकडे वळून ती म्हणाली, "मनं एकलीनं नको, शेठ. बठ्ठासनं पाहिजे. नहीतं घडी मोडाव नही."

"गरज सरली की तुम्ही आम्हाला ओळखणार नाही, शेठ," दिपमाला पाठीमागून म्हणाली. "आत्ताच सांगा."

योगेंद्रने फोन काढला. "मी दुसऱ्या मुली बोलावतो. तासाभरात येतील."

"नको रे भाऊ," दारातून आवाज आला. झुंबरबाई चपलांचा ढीग ओलांडून आत येत होती. जाऊबाईने तिला खुणेने थांबवायचा प्रयत्न केला. तिने ढुंकून पाहिलं नाही. ती थेट गादीवर आली आणि ताईबाईला हाताने धरून आपल्या शेजारी बसवून घेतलं. "आमाले काही घाई नही. आम्ही बसतो. अजून कुंकू लागलं नही, शेठ. टेम्पो बाहेरच उभा हाये, अन् धुळ्याले काय दुकानं कमी हायेत? बोला लवकर."

आता बसलेल्यांत गिऱ्हाईकही होतं आणि कामावरच्या बायकाही. शेठ आणि त्याचा लेक तेवढे उभे. प्रेमराजही उभाच होता, पण त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं.

शेठने ताटातला नारळ उचलला. बस्त्याचा नारळ हातात घेऊन दिलेला शब्द फिरवला तर त्या दुकानात गावचं गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही, हे त्याला त्याच्या बापाने शिकवलं होतं. पोराला मात्र त्याने ते शिकवलं नव्हतं.

"पप्पा, असं ऐकायला लागलो तर उद्या या डोक्यावर बसतील," योगेंद्र म्हणाला.

"आधी गिऱ्हाईक तर बसू दे," शेठ त्याच्यावर खेकसला. मग असोद्याच्या सगळ्या मंडळीकडे बघून, एकेक शब्द घशातून ओढून काढत तो म्हणाला, "तास पूर्वीचेच. कार्ड सगळ्यांचं राहील."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कोकिळाचा राग तसूभरही उतरला नाही. जे आपलंच होतं, ते परत मिळालं म्हणून आनंद कसला मानायचा?

"झालं ना तुमच्या मनासारखं?" योगेंद्र म्हणाला. "आता तरी उघडा."

"मी नाही," कोकिळा म्हणाली, आणि तिने शालूचा डबा ताईबाईपुढे सरकवला.

ताईबाईने हात मागे घेतला. जाऊबाई म्हणाली, "अवं, पन हे..." आणि तिने झुंबरबाईकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

"पोर माहं हाये," झुंबरबाई म्हणाली. "मी सांगते. उघडा, बाई."

ताईबाईने झाकण काढलं. इतकी वर्षं तळघरात गिळलेलं सगळं तिच्या तोंडावर आलं होतं. तिने शालू बाहेर काढला, मांडीवर धरला आणि समोर खांबासारख्या उभ्या राहिलेल्या योगेंद्रकडे मान वर करून पाहिलं.

"साहेब," ती म्हणाली, "जरा सरका. उजेड येऊ द्या."