उपाशी पोटाचं उद्घाटन

आमच्या मैलापूरच्या मराठी मंडळात रविवारी मधुमेहाचं मोफत शिबिर झालं. पलीकडच्या रस्त्यावर उघडलेल्या नव्या हॉस्पिटलला आमच्या तब्येतीचा एकाएकी कळवळा आला होता. निरोप आला, सकाळी सातला या, उपाशी या.

आमच्या ह्यांना निरोप म्हणजे सरकारी हुकूम. तंजावरकडचं जुनं मराठी घर, त्यात सगळा जन्म कचेरीत गेलेला. मधुमेहाची गोळी घेतली, कारण तिची वेळ ठरलेली. न्याहारी सोडली, कारण तसं सांगितलेलं. म्हटलं, "अहो, गोळी घेतलीत तर दोन इडल्या तरी खा!" तर म्हणतात, "उगी रहा गे, डॉक्टरांपेक्षा तुला जास्त कळतं?" सांगलीहून इथे नांदायला आले त्याला जमाना झाला, पण मला अजून काही कळत नाही.

आठ वाजून गेले. सुया तयार, टोचणारे तयार, पण उद्घाटन झाल्याशिवाय बोट टोचायचं नाही! आणि उद्घाटन म्हणजे पोन्नाडै. जरीची शाल पांघरल्याशिवाय चेन्नईत कुणी कुणाचं भलं करत नाही. आधी पाहुण्यांना शाल, मग अध्यक्षांना, मग ज्यांनी शाली आणल्या त्यांना. मे महिन्यात! हॉस्पिटलचे डॉक्टर गजेंद्र शालीनंच घाम पुसत वेळेवर जेवण्याचं महत्त्व सांगत होते. समोर हॉलभर म्हातारे उपाशी.

शेजारी बघते तर ह्यांना दरदरून घाम सुटलेला, हात थरथरतायत, आणि मलाच विचारतात, "आपण कोण?" ओळखलं, उपाशी पोटी गोळी, साखर पार उतरली. पिशवीतलं केळं काढलं, तर शिबिरातली पोरगी, लावण्या, धावत आली.

"आंटी, टेस्टच्या आधी खायचं नाही!"

"अगं बाई, माणूस चाललाय माझा!"

ह्यांनीही केळं ढकललं. बायकोची ओळख गेली, पण शिस्त जाईल तर शपथ! मग माझं डोकंच फिरलं. पाहुण्यांसाठी झाकून ठेवलेला केशरी शिरा उचलला आणि घासामागून घास भरवला. हळूहळू नजरेत ओळख आली. मी भर सभेत रडले.

माइकवरचा गृहस्थ गरजला, "शिबिरामुळे एका ज्येष्ठांचे प्राण वाचले!" टाळ्या. डॉक्टर गजेंद्रांना आणखी एक शाल. आणि आमच्या ह्यांनी हात जोडले ते डॉक्टरांना! "तुम्ही होता म्हणून वाचलो." बरबटलेले हात घेऊन मी मेली बघतच राहिले.

मग एकदाचं बोट टोचलं. आकडा बघून डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"शुगर फार आहे. गोळी दुप्पट करा."

"अहो डॉक्टर, तो शिरा आहे! आत्ता भांडंभर भरवलाय मी!"

"अम्मा, मशीन खोटं बोलत नाही."

ह्यांनी लगेच लावण्याकडे पाणी मागितलं. मी हात धरला, तर वर मलाच, "मोठ्या माणसांशी वाद घालतात?" आणि खिशातली आणखी एक गोळी गिळून मोकळे.

रोगापेक्षा इलाज भयंकर, दुसरं काय! घरी आणून मी दिवसभर समोर ठाण मांडून बसले आणि ह्यांना खायला घालत राहिले. आणि हे दर घासाला मान फिरवून म्हणत होते, "डॉक्टरांनी जीव वाचवला, आणि तू तो घेशील."